पहिली पायरी नसलेला खेळ

७ ऑगस्ट २०२१ हा शनिवार होता. गोल्फ म्हणजे निवृत्त साहेबांची सकाळची रपेट, एवढीच ज्यांची समजूत होती, अशी कितीतरी मराठी घरं त्या दिवशी पहाटेपासून टीव्हीसमोर बसून पार, बर्डी, बोगी या शब्दांचे अर्थ एकमेकांना विचारत होती. टोकियो ऑलिंपिकमधली महिलांची शेवटची फेरी चालू होती आणि जागतिक क्रमवारीत २००व्या स्थानावर असलेली बंगळुरूची अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत टिकून होती. चार दिवसांत तिने २६९ फटके घेतले. सुवर्णपदक मिळवणाऱ्या नेली कोर्डाने २६७, तर रौप्यपदक मिळवणारी मोने इनामी आणि कांस्यपदक मिळवणारी लिडिया को यांनी प्रत्येकी २६८. अदिती चौथी आली, एका फटक्याने पदक हुकलं. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला सुवर्णपदकावर पडला आणि देश गोल्फ विसरून गेला, हेही स्वाभाविकच. पण त्या सकाळी ठाण्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलीने हा खेळ शिकायचा हट्ट धरला असता, तर तिच्या आईबाबांनी तिला नेलं असतं कुठे? महिला गोल्फच्या सर्वोच्च स्पर्धांत आपल्या भागातलं नाव का दिसत नाही, याचं उत्तर या साध्या प्रश्नात आहे, असं मला वाटतं. एरवी त्यासाठी पैसा, हवामान, संस्कृती अशी मोठमोठी कारणं दिली जातात. ती खोटी नाहीत, पण दुय्यम आहेत.

आधी या सर्वोच्च स्पर्धांविषयी. महिला व्यावसायिक गोल्फमध्ये वर्षभर स्पर्धा चालतात, पण त्यांतल्या पाचांना ‘मेजर’चा मान आहे: शेवरॉन चॅम्पियनशिप, विमेन्स पीजीए चॅम्पियनशिप, यूएस विमेन्स ओपन, फ्रान्समधली एव्हियाँ चॅम्पियनशिप आणि ब्रिटनमधली विमेन्स ओपन. पुरुषांच्या मेजर चार, महिलांच्या पाच. टेनिसमध्ये ग्रँड स्लॅमला जे वजन, तेच इथे मेजरला. चार दिवस, रोज १८ होल, एकूण ७२ होल. दोन दिवस झाले की ‘कट’ लागतो आणि मागे पडलेल्या जवळजवळ निम्म्या खेळाडू सामान बांधून परततात. या पाचांत सर्वांत जुनी यूएस विमेन्स ओपन. ती १९४६ मध्ये सुरू झाली आणि पहिली स्पर्धा पॅटी बर्गने जिंकली. एलपीजीए ही महिला व्यावसायिकांची संघटना या स्पर्धेनंतरची. १९५० मध्ये तेरा जणींनी ती उभी केली आणि सुरुवातीच्या काळात स्पर्धा भरवण्यापासून मैदानाच्या आखणीपर्यंतची कामं त्यांना स्वतःच करावी लागली. त्या तेरा जणींपैकीच बेब झहारियास. १९५३ मध्ये तिची कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि १९५४ मध्ये तिने हीच यूएस विमेन्स ओपन बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली. २०२५ मध्ये या स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १ कोटी २० लाख डॉलर होती. विजेत्या माया स्टार्कला त्यांतले २४ लाख मिळाले, म्हणजे आजच्या विनिमयदराने वीस कोटी रुपयांच्या घरातली रक्कम. पण माझ्या मुद्द्यासाठी रकमेपेक्षा नावातलं ‘ओपन’ महत्त्वाचं आहे. कोणतीही व्यावसायिक, किंवा हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असलेली कोणतीही हौशी महिला, पात्रता फेरीसाठी अर्ज करू शकते. एका दिवसात ३६ होल खेळून तिथून मुख्य स्पर्धेत जागा मिळवता येते. क्लबची शिफारस लागत नाही, देशाच्या संघात असण्याची अट नाही. म्हणजे वरचं दार बऱ्यापैकी उघडं आहे. अडतं ते खाली.

खालचं दार म्हणजे काय, हे दक्षिण कोरियाकडे पाहिलं की नीट कळतं. १९९८ मध्ये वीस वर्षांच्या पाक से-रीने यूएस विमेन्स ओपन जिंकली, तेव्हा तो देश नाणेनिधीच्या कर्जाखाली दबलेला होता. जेनी चुआसिरिपोर्न या हौशी खेळाडूशी तिची बरोबरी झाली आणि निकालासाठी आणखी वीस होल खेळावे लागले. त्यांतल्या अठराव्या होलवर तिचा चेंडू तळ्याच्या उतारावर जाऊन थांबला. तिने बूट-मोजे काढले, पाण्यात उतरली आणि तिथून चेंडू बाहेर काढला. ते दृश्य कोरियात वर्षानुवर्षं दाखवलं गेलं. ती स्पर्धा पाहून गोल्फकडे वळलेली पाक इन-बी तेव्हा दहा वर्षांची होत आली होती. पुढे दहा वर्षांनी, २००८ मध्ये, तिने हीच स्पर्धा जिंकली. २००८ ते २०२० या तेरा वर्षांत यूएस विमेन्स ओपन कोरियन मुलींनी नऊ वेळा जिंकली. हे सगळं एका नायिकेच्या प्रेरणेमुळे झालं, असं सांगण्याची पद्धत आहे. ते अपुरं आहे, कारण प्रेरणा आपल्याकडेही २०२१ मध्ये येऊन गेली. फरक असा की कोरियातल्या मुलीला प्रेरणा मिळाल्यावर जायला जागा होती. तिथे १८ होलचं मैदान आपल्याइतकंच, किंबहुना जास्तच महाग. पण दाट वस्तीत उंच जाळ्या लावलेल्या दोन-तीन मजली रेंज होत्या. तिथे रबरी चटईवर उभं राहून, बादलीभर चेंडू घेऊन फटके मारत राहायचं. नंतर इमारतींच्या तळघरांत स्क्रीन गोल्फ आलं. खोलीत पडदा, समोर चेंडू आणि त्याचा वेग-कोन मोजणारं यंत्र. आईवडिलांचा टोकाचा आग्रह, शिकवणीचा खर्च, मुलींवरचा ताण ही कोरियन यशाची काळी बाजू आहे आणि ती झाकायचं कारण नाही. तरीही वस्तीच्या आत पोचलेल्या त्या रेंजविना तो आग्रह निष्फळच ठरला असता.

आता आपल्याकडच्या नावांचा मागोवा घेऊ. अदितीच्या घरात कुणी गोल्फ खेळत नव्हतं. कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या रेंजलगत एक रेस्टॉरंट होतं. तिथे हे कुटुंब न्याहारीला जायचं आणि खिडकीतून फटके मारणारी माणसं दिसायची. जेमतेम पाच वर्षांच्या मुलीला ते करून पाहावंसं वाटलं, आणि लोकांना प्रवेश असल्यामुळे ते करून पाहता आलं. पुढे तिच्या बॅगा कधी वडिलांनी उचलल्या, टोकियोत आईने. टोकियोतली दुसरी भारतीय मुलगी दीक्षा डागर, डावखुरी आणि जन्मापासून ऐकण्यात अडचण असलेली. तिचे वडील लष्करात अधिकारी, त्यामुळे लष्करी गोल्फ मैदानं तिच्या आवाक्यात होती. त्यांच्या आधीची, नव्वदच्या दशकात एलपीजीएपर्यंत पोचलेली स्मृती मेहरा कोलकात्याची, जिथे गोल्फ क्लबची परंपरा १८२९ पासूनची. थायलंडची आरिया जुतानुगार्न २०१६ मध्ये विमेन्स ब्रिटिश ओपन (आताची विमेन्स ओपन) जिंकून आपल्या देशाची पहिली मेजर विजेती ठरली. तिचे आईवडील बँकॉकजवळच्या एका गोल्फ मैदानावर खेळाच्या साहित्याचं दुकान चालवत होते. या सगळ्यांची आर्थिक परिस्थिती सारखी नव्हती. समान गोष्ट एकच: ज्या ठिकाणी घरच्यांचं येणं-जाणं आधीपासून होतं, तिथेच गोल्फ होतं. कुणाला तो खेळ शोधत जावं लागलं नाही.

मुलांच्या बाबतीत भारतात आणखी एक वाट होती. श्रीमंत क्लबांच्या मागच्या दाराने कॅडी आत जायचे. साहेबांच्या बॅगा उचलता उचलता, जुन्या काठ्यांनी अंधार पडेपर्यंत सराव करत त्यांतले काही मोठे खेळाडू झाले. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा अली शेर कॅडी होता. शिवशंकर प्रसाद चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबमध्ये मैदानाची निगा राखायचे, आणि मुलाने २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकली. ही वाट कष्टाची, अपमानाचीही, पण होती. मुलींसाठी ती जवळजवळ नव्हतीच. सोसायटीच्या मागच्या वस्तीतल्या बारा वर्षांच्या मुलीला कुणी पहाटे क्लबवर बॅगा उचलायला पाठवलं नाही. म्हणून अदितीसारखा अपवाद सोडला, तर मुलींच्या गोल्फला भारतात दोनच दारं उरली: क्लबचं सभासदत्व, नाहीतर लष्कराचा गणवेश. महिला गोल्फमधली आपली नावं ठरावीक शहरांतून आणि ठरावीक घरांतून येतात, त्याचं कारण मला इथे दिसतं.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हा पट्टा या दोन्ही दारांपासून लांब आहे. जवळचं जुनं मैदान चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं. तिथे भारतीय महिला व्यावसायिक दौऱ्याचे टप्पेही झाले आहेत, पण तो सभासदांचा क्लब. सर्वसामान्यांना पैसे भरून खेळता येईल असं मैदान सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी उभारलं, सुरुवातीला अकरा होलचं. ठाण्याहून पनवेलची ट्रान्स-हार्बर गाडी थेट खारघरला नेते. डोंबिवलीकराने आधी ठाणं गाठायचं, फलाट बदलायचा, खारघरला उतरून पुन्हा रिक्षा करायची. नियमाप्रमाणे बॅगेत चौदापर्यंत काठ्या ठेवता येतात, आणि भरलेली बॅग मुलीच्या खांद्याच्याही वर येते. सकाळी सातच्या सुमाराला डोंबिवलीच्या फलाटावर महिलांच्या डब्यासमोर ती बॅग घेऊन उभं राहा, म्हणजे ‘खारघर काय, तासाभराचा तर प्रवास’ हे म्हणणं किती पोकळ आहे ते कळेल. एक गंमत म्हणजे गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात गोल्फ हा शब्द मात्र चिकार दिसू लागला आहे. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या पलावापासून घोडबंदरपर्यंत नव्या वसाहतींच्या जाहिरातींत हिरवळ आणि गोल्फ मिरवतात. घराचा भाव वाढवायला तो शब्द उपयोगी पडतो. पण वसाहतीच्या फाटकाआड असलेली हिरवळ शेजारच्या वस्तीतल्या मुलीसाठी चेंबूरच्या क्लबइतकीच दूर.

इथे कुणी म्हणेल, की ज्याच्यात खरी धमक असते तो वाट काढतोच. डोंबिवलीच्या अजिंक्य रहाणेने नाही काढली? काढली, पण तो दाखला माझ्याच बाजूचा आहे. रहाणे सात-आठ वर्षांचा असताना डोंबिवलीतच मॅटिंगच्या खेळपट्टीवर शिकू लागला. त्याच्या पुढची मुंबईची मैदानं लोकलच्या टप्प्यात होती, शालेय स्पर्धा होत्या, त्यापुढे प्रवीण आमरेंसारखे प्रशिक्षक होते. एकेक पायरी आधीच बांधलेली होती. चढायला जिद्द लागली, पण पायरी त्याला घडवावी लागली नाही. ठाण्यात बॅडमिंटनचंही तसंच झालं. महापालिकेने सय्यद मोदींच्या नावाने प्रशिक्षण योजना सुरू केली, श्रीकांत वाड यांनी ती वर्षानुवर्षं नेटाने चालवली आणि एका महापालिकेच्या हॉलमधून आंतरराष्ट्रीय स्तरावर खेळणारे खेळाडू निघाले. बॅडमिंटनही एकेकाळी जिमखान्यातल्या साहेबांचाच खेळ होता. महापालिकेने त्याला आपल्या छपराखाली आणलं, तेव्हा तो मध्यमवर्गीय घरांचा झाला. टोकियोतल्या चार भारतीय गोल्फपटूंपैकी उदयन माने पुण्याचा होता, हे इथे आठवायला हवं. पुण्याला पूना क्लबसारखं जुनं मैदान आहे आणि लष्कराची मोठी छावणीही. ठाण्याला यांतलं काहीच नाही.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप जमिनीचा आणि पाण्याचा. १८ होलच्या मैदानाला शंभरहून अधिक एकर लागतात आणि उन्हाळ्यात ती हिरवळ जगवायला प्रचंड पाणी. ज्या कल्याण-डोंबिवलीत मे महिन्यात टँकरची वाट पाहिली जाते, तिथे गोल्फची मैदानं बांधा असं म्हणणं हा निव्वळ उद्दामपणा होईल. मी या आक्षेपाशी पूर्णपणे सहमत आहे, आणि म्हणूनच मैदानाची मागणी करत नाही. मैदान ही शेवटची पायरी. पहिली पायरी म्हणजे जाळी लावलेली छोटी रेंज आणि शेजारी पटिंगची, म्हणजे चेंडू खळग्यात ढकलण्याच्या सरावाची, कृत्रिम गवताची हिरवळ. तिला पाणी लागत नाही, आणि पावसाळ्यात छपराखाली ती चालूही राहते. डोंबिवलीच्या ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलात किंवा ठाण्याच्या एखाद्या उद्यानात दहा-बारा जणांना उभं राहता येईल एवढा कोपरा काढणं अशक्य नाही. काही काठ्या संस्थेच्याच मालकीच्या असल्या आणि तासाच्या हिशेबाने वापरायला मिळाल्या, की महागड्या किटचा प्रश्नही पहिल्या दोन-तीन वर्षांपुरता सुटतो. त्यानंतर ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यापुरती वेगळी सोय करता येते.

कुणाला हे फारच तुटपुंजं वाटेल: जाळीत चेंडू मारून मेजर थोडीच खेळता येते? इथे खेळाचं गणित कामी येतं. ७२ पारच्या, म्हणजे ७२ फटके अपेक्षित असलेल्या मैदानावर प्रत्येक होलमागे पटिंगचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे ७२ पैकी ३६ फटके, बरोबर निम्मे, हिरवळीवरचे. १०८ मिलिमीटर रुंदीच्या खळग्यात चेंडू ढकलण्याचं काम दोनशे मीटर लांब फटका मारण्याइतकंच निर्णायक ठरतं. टोकियोतली अदिती हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. त्या वर्षी उन्हाळ्यात तिला कोविड झाला होता, अंगातली ताकद घटली होती, फटक्याची लांबी कोर्डापेक्षा बरीच कमी पडत होती. ती पदकाच्या शर्यतीत राहिली ती पटिंगच्या जोरावर. पटिंग शिकायला एका वर्गखोलीएवढी जागा पुरते. दहा वर्षांच्या मुलीचे हात, नजर आणि धीर तिथेच घडतात. लांब फटक्याचा पाया जाळीत घालता येतो. वारा, उतार, वाळूचे खड्डे, लांब गवत या गोष्टींसाठी खरं मैदान लागतंच, पण ते आठवड्यातून एकदा पुरतं, तेही आधी पाया घातला गेला असेल तर.

दुसरा आक्षेप प्राधान्याचा आहे. कबड्डी आणि खो-खोच्या मुलींना धड कपडे बदलायला खोली नाही, आणि तुम्ही गोल्फची रेंज मागता? हा रागही रास्त आहे. यातलं काहीही कबड्डीच्या मैदानातून किंवा निधीतून कापून आणावं असं मी म्हणणार नाही. पण मुलीने खेळ पोटापाण्यासाठी निवडावा की नाही, याचा विचार करताना काही गोष्टी समोर ठेवाव्या लागतात. महिलांच्या फारच थोड्या खेळांत एका स्पर्धेचं पहिलं बक्षीस २४ लाख डॉलर असतं. गोल्फमध्ये वयाच्या चाळिशीपर्यंत वरच्या पातळीवर खेळता येतं. अमेरिकी विद्यापीठांत १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर मुलींच्या खेळांना समान वाटा द्यावा लागला आणि त्यातून महिला गोल्फला शिष्यवृत्त्या आल्या. गणितात चांगली आणि हँडिकॅप कमी असलेली मुलगी तिथे शिकायला जाऊ शकते, मेजर खेळो वा न खेळो. ज्या डोंबिवलीत दहावीच्या टक्क्यांवर घरभर चर्चा होते, तिथे हा भाग कुणी पालकांना समजावून सांगत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. बक्षिसाचा आकडा दाखवून मुलींना या खेळाकडे ओढावं, हे मात्र मला पटत नाही. अदितीने २०१६ मध्ये अठराव्या वर्षी विमेन्स इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारी ती पहिली भारतीय. तिच्यासारखी मुलगीदेखील एक-एक कट पार करत झगडत आली आहे. लॉटरी म्हणून पाहिलं, तर गोल्फ हा वाईट सौदा आहे.

तिसरा आक्षेप असा, की गोल्फ मुळातच वरच्या वर्गाचा खेळ आहे, त्याला महापालिकेच्या पैशाने खाली आणायचा अट्टहास कशाला? जगाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. स्कॉटलंडच्या म्युअरफील्ड क्लबने २०१७ पर्यंत स्त्रियांना सभासदत्व खुलं केलं नाही. २०१६ मध्ये सभासदांनी तो ठराव फेटाळलाही होता. ब्रिटिश ओपनचं यजमानपद जाण्याची वेळ आली, तेव्हा मत बदललं, आणि २०२२ मध्ये त्याच म्युअरफील्डवर विमेन्स ओपन झाली. वरच्या वर्गाचे खेळ आपणहून खाली येत नाहीत, पण लोकांनी किंवा पैशाने हात धरला की येतात. आपल्याकडचे क्लब उद्या दारं उघडतील, या आशेवर एका पिढीने थांबायचं कारण नाही. रेंज क्लबच्या परवानगीवाचून होऊ शकते.

एक अडचण मात्र खरी आहे आणि तिच्यावर सोपा तोडगा नाही: प्रशिक्षक. गोल्फ शिकवणारी माणसं क्लबांभोवती असतात, कारण पैसा तिथे असतो. ठाण्याची बॅडमिंटन योजना टिकली ती तिच्यामागे चिकाटीने उभ्या राहिलेल्या माणसांमुळे. गोल्फसाठी तशी माणसं या पट्ट्यात मिळणं अवघड आहे. माझ्या मते सुरुवात कॅडींपासून व्हावी. चेंबूर, पुणे इथल्या मैदानांवर चांगलं खेळणारे, वर्षानुवर्षं लोकांचे फटके पाहिलेले कॅडी आहेत. त्यांना प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळवायला मदत केली आणि महिन्याचं पक्कं मानधन दिलं, तर आठवड्यातले तीन दिवस ते डोंबिवलीत येतील. मुलींना शिकवायला एखादी महिलाही हवी, विशेषतः सुरुवातीच्या वयात, आणि तिची नेमणूक हाच या योजनेतला सर्वांत कठीण भाग असेल. उरतो खऱ्या मैदानाचा प्रश्न. खारघरचं मैदान सिडकोचं, म्हणजे सार्वजनिक पैशाचं आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारचे दोन-तीन तास अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी सवलतीत राखून ठेवणं सिडकोच्या हातात आहे. त्या वेळी ठाणे-पनवेल गाडीत बॅग उभी ठेवायलाही जागा मिळते.